आखाताचं आरसी बुक

होर्मुझची सामुद्रधुनी बातम्यांत आली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन प्रश्न हमखास पडतात. एक, पेट्रोल कितीला जाणार. दुसरा, 'सामुद्रधुनी बंद करणार म्हणजे नेमकं काय करणार? तिथे काय फाटक आहे का?' दुसरा प्रश्न विचारणाऱ्याची लोक थट्टा करतात. मला मात्र तोच मुद्द्याचा वाटतो.

फाटक नाही. सर्वांत अरुंद जागी ही सामुद्रधुनी साधारण ३९ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे सीएसएमटीहून लोकल पकडली तर मुंब्र्यापर्यंत. उत्तरेला इराण, दक्षिणेला ओमानचं मुसंदम. मोठ्या जहाजांसाठी येण्याची एक आणि जाण्याची एक अशा दोन मार्गिका आखलेल्या आहेत. प्रत्येक मार्गिका दोन सागरी मैलांची आणि मधला दुभाजकही तेवढाच. एरवी जगात रोज लागणाऱ्या तेलाचा जवळपास पाचवा हिस्सा या वाटेने बाहेर पडतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधला बराचसा गॅसही.

आता समजा तुम्ही जहाजाचे मालक आहात. जहाज नुसतं पाण्यावर तरंगून चालत नाही. त्याला कुठल्या तरी देशाचा झेंडा लागतो, नोंदणी लागते, विमा लागतो, आधीच्या बंदराचा परवाना लागतो. एक तोफ न उडताही विमा कंपनीने हप्ता चौपट केला, किंवा वाटेत कुणी गस्तीची बोट आडवी घालून 'कागद दाखवा' म्हणायला लागलं, की निम्मी जहाजं आपणहून नांगर टाकून थांबतात. सामुद्रधुनी 'बंद' होते ती बऱ्याचदा अशी.

समुद्र कागदाने ताब्यात ठेवण्याची ही पद्धत या आखातात २०० वर्षांपूर्वी पक्की बसवली गेली. बसवणाऱ्यांचं मुख्यालय होतं मुंबईच्या कोटात.

राज्य नव्हतं, वसाहत नव्हती, मग होतं काय?

आखाताच्या किनाऱ्यावरची कुवेत, बहरीन, कतार, दुबई, शारजा ही ठिकाणं ब्रिटिशांनी कधी भारतासारखी जिंकून खालसा केली नाहीत. तिथे कलेक्टर नव्हता, शेतसारा नव्हता. होता तो रेसिडेंट.

हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता, तो रेसिडेंटच. नावाला दुसऱ्याच्या दरबारातला वकील आणि कामाला त्या दरबाराचा पालक. आखाताचा रेसिडेंट इराणच्या किनाऱ्यावर बुशहरला बसायचा. तिथे ईस्ट इंडिया कंपनीची कोठी १७६३ पासून होती, पण मुख्यतः व्यापारापुरती. १८२२ पासून सबंध आखाताचा राजकीय कारभार तिथून चालू लागला. १८७३ पर्यंत हा रेसिडेंट मुंबई सरकारच्या हाताखाली होता, नंतर थेट हिंदुस्थान सरकारच्या. १९४६ मध्ये कचेरी बहरीनला हलली आणि १९७१ मध्ये तिला कुलूप लागलं.

एक कचेरी, मुंबईहून आलेली मोजकी जहाजं, आणि बंदरोबंदरी एकेक एजंट. एवढ्या तुटपुंज्या पसाऱ्यावर हजार किलोमीटरचं आखात सांभाळायचं, तर प्रत्येक गलबतामागे धावून भागणार नव्हतं. गलबतानेच आपली ओळख सोबत बाळगायची, अशी सोय करायला हवी होती.

रेडीहून रास अल खैमा

१८१९ हे साल बघा. पेशवाई बुडून वर्ष झालेलं. विल्यम कीर नावाचा मेजर जनरल वर्षाच्या सुरुवातीला फौज घेऊन सावंतवाडी संस्थानात उतरला आणि रेडीचा किल्ला घेतला. तिथून कच्छमध्ये भुजला गेला. नोव्हेंबरमध्ये त्याच माणसाच्या हाताखाली मुंबईहून आरमार निघालं आणि डिसेंबरात रास अल खैमा पडलं. तिथे सत्ता होती कवासिम या अरब घराण्याची, म्हणजे आखाताच्या तोंडावर दोन्ही किनाऱ्यांना पाय असलेल्या खलाशी टोळ्यांची. मोहीम निघाली तेव्हा मुंबईच्या गव्हर्नरच्या खुर्चीवर नुकताच येऊन बसला होता तो पुण्याचाच एल्फिन्स्टन. आपण शाळेत मराठ्यांचा इतिहास एका वहीत आणि 'जग' दुसऱ्या वहीत लिहितो, त्यामुळे हे धागे सुटतात.

जानेवारी १८२० मध्ये कीरने किनाऱ्यावरच्या शेखांशी तह केला. 'लूटमार कायमची बंद' हे कलम सगळ्यांना माहीत असतं. मला त्याहून महत्त्वाची वाटतात ती त्याच्या पुढची कारकुनी कलमं.

एक झेंडा, दोन कागद

तिसऱ्या कलमात झेंडा ठरवून दिला. मधे लाल आणि सभोवती पांढरी किनार, किनारीची रुंदी लाल पट्ट्याएवढी. आज शारजाचा किंवा रास अल खैमाचा झेंडा बघितलात तर तोच दिसेल. ही गाडीची नंबरप्लेट समजा. लांबून दुर्बिणीतून कळलं पाहिजे की गाडी कुणाची.

पाचव्या कलमात दोन कागद आहेत. पहिल्यावर शेखची सही, गलबताचं नाव, लांबी, रुंदी आणि माल किती मावतो ते. हे झालं आरसी बुक. दुसऱ्यावर मालकाचं नाव, नाखवाचं नाव, माणसं किती, हत्यारं किती, कुठून निघालं, कधी निघालं आणि कुठे चाललं. ही ट्रिप शीट. वाटेत ब्रिटिश किंवा दुसरं कुठलं जहाज भेटलं की दोन्ही दाखवायचे. आणि सहाव्या कलमात अशी तरतूद की ब्रिटिश वकिलाने शेखच्या सहीशेजारी आपली सही करायची आणि ती दर वर्षी ताजी करायची. वर्षाचं पासिंगच म्हणा ना.

तहातला 'नाखुदा' म्हणजे आपल्या कोळीवाड्यातला नाखवा. शब्द फारसी, दोन्ही किनाऱ्यांनी वापरून गुळगुळीत केलेला. आजही ससून डॉकवर मच्छीमार बोटीच्या नाळेवर 'आयएनडी एमएच' असा नंबर रंगवलेला असतो, आत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले परवान्याचे कागद असतात आणि तटरक्षक दलाची बोट जवळ आली की तांडेल आधी ती पिशवी शोधतो. १८२० च्या तहात जे लिहिलं होतं, ते नेमकं हेच दृश्य.

यातली खरी ताकद कुठे आहे ते बघा. तहाआधी एखादं गलबत लुटारू आहे हे ठरवायला त्याने लूट केलेली असावी लागे. तहानंतर कागद नसणं पुरेसं झालं. आणि कोणता कागद ग्राह्य, हे ठरवणारा हात एकच.

ही युक्ती इंग्रजांनी शोधली का?

छे. पोर्तुगीज त्यांच्या आधी ३०० वर्षं हेच करत होते. त्यांचा सेनापती आल्बुकर्क याने १५०७ मध्ये होर्मुझवर पहिला हल्ला केला आणि १५१५ मध्ये बेट पक्कं ताब्यात घेतलं. त्यानंतर १६२२ पर्यंत, म्हणजे इराणच्या शाह अब्बासने इंग्रजी जहाजांच्या मदतीने त्यांना हुसकावेपर्यंत, अरबी समुद्रात फिरणाऱ्या गलबताला पोर्तुगीजांचा कार्ताझ घ्यावा लागे. कार्ताझ म्हणजे परवाना. कुठला माल न्यायचा नाही, कुठल्या बंदरात जकात भरायची, सगळं त्यात. कार्ताझ नसेल तर गलबत जप्त.

आणि कान्होजी आंग्रे? त्यांचं दस्तक याच जातीचं होतं. कोकणकिनाऱ्याने जायचं तर आंग्र्यांचं दस्तक घ्या. इंग्रजांनी ते घ्यायला नकार दिला आणि आपल्या दफ्तरात कान्होजींना 'पायरेट' म्हणून लिहून ठेवलं. १७२९ मध्ये कान्होजी गेले. शंभर वर्षांच्या आत त्याच इंग्रजांनी आखातात आपला परवाना चालू केला आणि तो न मानणाऱ्यांना तोच शब्द लावला. मला यात विसंगती दिसत नाही, सातत्य दिसतं. ज्याचा परवाना चालतो तो सरकार, ज्याचा चालत नाही तो चाचा.

पण चाचेगिरी होतीच ना?

हा आक्षेप योग्य आहे. जहाजं लुटली जात होती. १८०८ मध्ये 'मिनर्व्हा' हे जहाज पकडलं गेलं, माणसं मेली, आणि त्यानंतर १८०९ मध्ये रास अल खैमावर पहिली मोहीम गेली. ती पुरेशी पडली नाही म्हणून दहा वर्षांनी दुसरी.

दुसरी बाजू मांडणारे गृहस्थ साधेसुधे नाहीत. शारजाचे शासक सुलतान बिन मोहम्मद अल कासिमी हे त्याच कवासिम घराण्यातले. त्यांनी या विषयावर इंग्लंडमधल्या विद्यापीठात डॉक्टरेट केली आणि 'अरब चाचेगिरी' ही कंपनीने व्यापारासाठी उभी केलेली कथा आहे, असं मांडलं. त्यासाठी त्यांनी मुख्य आधार घेतला मुंबईच्या दफ्तरखान्यातल्या कागदांचा. म्हणजे काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आपल्या पुराभिलेख खात्याकडे जे बस्ते आहेत, त्यांचा.

माझं मत मधलं आहे. लूट होती, पण ती एका मोठ्या भांडणाचा भाग होती. ओमानचा सुलतान आणि कवासिम यांच्यात आखाताच्या तोंडावर कुणाची जकात चालणार, यावरून पिढ्यान् पिढ्या झुंज चालू होती. सुलतान कंपनीचा दोस्त. त्याने गलबत पकडलं की ती लढाई, कवासिमांनी पकडलं की दरोडा.

सुगीच्या दिवसांत भांडण नको

१८२० च्या तहात एक मोठं भोक राहिलं होतं. लूट बंद, पण शेखांनी एकमेकांशी जाहीर युद्ध करायला मनाई नव्हती. आणि युद्ध पेटलं की सर्वांत जास्त नुकसान मोत्यांच्या हंगामाचं.

मोती म्हणजे या वाळवंटी किनाऱ्याची सुगी. उन्हाळ्याचे चार महिने सगळे पुरुष समुद्रावर. पाणबुड्या नाकाला चिमटा लावायचा, पायाला दगड बांधून तळाशी जायचा, शिंपल्या टोपलीत भरायचा आणि दोर हलवला की वरचा माणूस त्याला ओढून घ्यायचा. दिवसातून कितीतरी वेळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या धंद्यावर ७० हजारांहून जास्त माणसं होती. मोती जायचे कुठे? बहुतांशी मुंबईला. तिथे ते चाळले जायचे, भोकं पाडली जायची, सर ओवले जायचे आणि मग पुढे पॅरिस-लंडन.

१८३५ मध्ये सॅम्युअल हेनेल या अधिकाऱ्याने शेखांना गोळा केलं आणि म्हणाला, हंगामापुरतं तरी थांबा. आपल्याकडे बांधावरून कोर्टात भांडणारे भाऊबंद मळणीच्या आठवड्यात एकमेकांच्या बैलांना वाट देतात ना, तसं. सहा महिन्यांचा करार झाला. तो सगळ्यांना मानवला. मग दर वर्षी नवा, १८४३ मध्ये एकदम दहा वर्षांचा आणि १८५३ मध्ये कायमचा. शिवाय काही बेटांच्या खुणेवर एक रेषा आखली गेली, तिच्यापलीकडे लढाऊ गलबतं न्यायची नाहीत. कुणी करार मोडला तर त्याच्या शेखने भरपाई द्यायची. मोडणारा कोण हे ठरवणार रेसिडेंट, आणि वसुलीला जाणार गनबोट.

इथे कुणी म्हणेल, मग चांगलंच झालं की. झालं, नाकारण्यात अर्थ नाही. समुद्रावरची मारामारी थांबली, मोत्यांचा धंदा वाढला. जमिनीवर शेखांनी हवं तेवढं लढावं, त्यात ब्रिटिशांना रस नव्हता. त्यांना फक्त पाणी शांत हवं होतं.

पण गलबतं मोजणारी व्यवस्था लवकरच माणसं मोजू लागली. पाणबुडे नाखवाकडून हंगामाआधी उचल घ्यायचे. हंगाम वाईट गेला की कर्ज फुगायचं, मग एखादा रातोरात शेजारच्या शेखच्या हद्दीत पळायचा. १८७९ मध्ये सगळ्या शेखांनी करार केला की असे कर्जबुडवे एकमेकांना परत करायचे. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पळून जायची वाट बंद होणं म्हणजे काय ते जास्त सांगायला नको.

पुद्दुचेरी पासिंगची गलबतं

नियम आला की पळवाट येतेच. ओमानमधल्या सूर बंदरातल्या काही मालकांनी आपल्या गलबतांवर फ्रेंच झेंडा लावला. गुलामांच्या व्यापारावरून ब्रिटिश जहाजं झडती घ्यायची, आणि फ्रान्सने आपल्या झेंड्याखालच्या जहाजांची झडती ब्रिटिशांना घेऊ दिली नव्हती. राहायचं महाराष्ट्रात आणि गाडीला पुद्दुचेरीची नंबरप्लेट, असा हा प्रकार. मस्कतच्या सुलतानाची प्रजा, पण समुद्रावर फ्रेंच.

प्रकरण थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेलं. १९०५ मध्ये निकाल लागला. २ जानेवारी १८९२ पूर्वी ज्यांना फ्रेंच झेंड्याचा अधिकार मिळाला होता त्यांचा तो राहील, पण दुसऱ्याला देता येणार नाही, त्याच मालकाच्या दुसऱ्या गलबतालाही नाही. त्यानंतर फ्रान्सने नवे झेंडे अगदी मोजक्याच लोकांना द्यायचे. आज जगातली निम्म्याहून जास्त मालवाहतूक पनामा, लायबेरिया वगैरे परक्या झेंड्यांखाली चालते. सूरचे मालक काळाच्या फार पुढे होते, एवढंच.

शेखांच्या दाराला बाहेरून कडी

१८९२ चे करार या सगळ्यावर कळस होते. शेखांनी लिहून दिलं की ब्रिटिशांखेरीज कुठल्याही परकी सत्तेशी बोलणी करणार नाही, तिच्या एजंटला राहू देणार नाही, जमीन विकणार किंवा गहाण टाकणार नाही. कुवेतने १८९९ मध्ये आणि कतारने १९१६ मध्ये असाच करार केला. १९०३ मध्ये लॉर्ड कर्झन स्वतः आरमार घेऊन आखातात फिरून आला.

न ऐकणाऱ्याचं काय व्हायचं? डिसेंबर १९१० मध्ये 'हायसिंथ' या युद्धनौकेचे सैनिक चोरटी शस्त्रं शोधायला दुबईत उतरले. घराघरांत शिरण्यावरून चकमक झाली आणि डझनावारी अरब मारले गेले. वर दुबईच्या शेखकडेच दंड मागितला गेला, ४०० रायफली आणि ५० हजार रुपये. पौंड नव्हे, रुपये.

याचा खर्च कोण करत होतं?

बराचसा आपण. रेसिडेंटची कचेरी, एजंटांचे पगार, टपाल, सर्वेक्षण यांचा मोठा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर होता. आखातात चलन रुपयाचं होतं, तिकिटं हिंदी टपालखात्याची आणि काही खटल्यांची अपिलं मुंबई हायकोर्टात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा आखाती बंदरांवर मुंबईहून येणाऱ्या उतारूंना क्वारंटाइन लागलं, आणि इराणच्या बंदरांतलं ते काम बघत होता रेसिडेन्सीचा डॉक्टर. यजमान इराण, रोग मुंबईचा, सही ब्रिटिशांची!

१८६२ पासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या टपालबोटी मुंबई-कराची-आखात-बसरा अशा जाऊ लागल्या. रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतली माणसं पहिल्यांदा दुबई-कुवेतला गेली ती याच बोटींच्या डेकवर, ट्रंका आणि वळकट्या घेऊन. 'दारा' १९६१ मध्ये दुबईजवळ स्फोट आणि आगीनंतर बुडाली, दोनशेहून जास्त माणसं गेली. शेवटची 'द्वारका' १९८२ पर्यंत चालली. तोवर विमानं स्वस्त झाली होती.

रुपयाही स्वातंत्र्यानंतर पटकन सुटला नाही. तिथल्या नोटांवर सोनं चोरून येतं म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. १९६६ मध्ये आपण अवमूल्यन केलं आणि तिथल्या लोकांच्या खिशातले पैसे एका रात्रीत हलके झाले. मग उरलेल्यांनीही एकेक करून रुपया सोडला.

आणि आज?

जहाजांना कागद लागतात तसे दिवेही लागतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ब्रिटिशांनी आखातात दीपगृहं आणि बोये बसवायला घेतले. होर्मुझच्या आत, ऐन वाटेवर टुंब नावाचं बेट आहे. तिथे दीपगृह बांधायचं तर परवानगी कुणाची घ्यायची? १९१२ मध्ये ब्रिटिशांनी ती शारजाच्या शेखकडे मागितली. इराणचं म्हणणं होतं, बेट आमचं. पुढे शारजातून रास अल खैमा वेगळं झालं आणि टुंबवरचा हक्क तिकडे गेला.

३० नोव्हेंबर १९७१ ला, ब्रिटिश निघायच्या तोंडावर, इराणी सैन्य मोठ्या आणि धाकट्या टुंबवर उतरलं. शेजारच्या अबू मुसा बेटावर शारजाशी केलेल्या समझोत्यानुसार पोचलं. दोन दिवसांनी संयुक्त अरब अमिराती जन्माला आली, ती ही बेटं मागतच. आजही मागते आहे. होर्मुझमध्ये शिरणारं प्रत्येक मोठं जहाज या बेटांच्या आजूबाजूने जातं, त्यामुळे हा वाद घरगुती राहू शकत नाही.

अमिराती पुरावा म्हणून दीपगृहाच्या परवानगीचा पत्रव्यवहार पुढे करते: बेट शेखचं नसतं तर ब्रिटिशांनी त्याला कशाला विचारलं असतं? इराण पुढे करतो १८८६ चा नकाशा, ज्यात ही बेटं इराणच्या रंगात रंगवली आहेत. तो नकाशा छापला होता ब्रिटिश युद्धखात्याने आणि १८८८ मध्ये त्याची प्रत इराणच्या शाहला भेट दिली होती ब्रिटिश वकिलाने.